वाचनालयातील संगणकाला सायबर कॅफेचे नियम कशासाठी?

विशेष प्रतिनिधी

तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात वृत्तपत्रांच्या टेबलाशेजारी एक-दोन संगणक मांडलेले असतात आणि त्यांच्या वर भिंतीवर नियमांचा फलक असतो. आधार कार्डाची झेरॉक्स द्यावी, अर्ध्या तासापेक्षा अधिक बसू नये, पेनड्राइव्ह लावू नये, अठरा वर्षांखालील मुलांना मनाई. हे नियम आले कोठून, असे विचारल्यास बहुधा ‘सरकारचाच नियम आहे’ असे उत्तर मिळते. ते अर्धेच खरे आहे.

सरकारचा नियम आहे तो सायबर कॅफेंसाठी. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये २००८ साली झालेल्या दुरुस्तीने सायबर कॅफेची व्याख्या कायद्यात आली आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्राने त्यांच्यासाठी नियमावली अधिसूचित केली. ग्राहकाची ओळख पटविल्याविना संगणक देऊ नये, ओळखपत्राची प्रत व नोंदवही किमान एक वर्ष जपावी, कोणती संकेतस्थळे पाहिली गेली याचीही वर्षभराची नोंद ठेवावी, आडोशाची उंची साडेचार फुटांहून अधिक नसावी, असा तिचा तपशील. दहशतवादी कारवायांत सायबर कॅफेंतून ई-मेल धाडले गेल्याच्या त्या काळात या कडकपणामागे कारण होते.

मात्र कायद्याच्या व्याख्येतील कळीचे शब्द आहेत ‘व्यवसायाच्या नेहमीच्या ओघात’. सभासदांना विनामूल्य संगणक वापरू देणारे वाचनालय व्यवसाय करते, असे म्हणणे कठीण आहे. तासाला दहा रुपये आकारणाऱ्या वाचनालयाबाबत मात्र वाद उपस्थित होऊ शकतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यात संगणकाचा विचार असणे शक्यच नव्हते. परिणामी कार्यकारी मंडळे सावधगिरी म्हणून कॅफेचा फलक उचलून वाचनालयात लावतात, आणि तोही मूळ नियमांपेक्षा कडक करून. मूळ नियमावलीत मुलांना सरसकट बंदी नाहीच. शाळेचे ओळखपत्र चालते आणि छायाचित्राचे ओळखपत्र नसलेल्या मुलाला प्रौढ व्यक्तीसोबत येण्याची मुभा आहे. आधारचीही सक्ती नाही. तो स्वीकारार्ह पुराव्यांपैकी केवळ एक आहे.

सभासदत्व देताना वाचनालयाने नाव, पत्ता, अनामत रक्कम सर्व घेतलेले असते. त्याच सभासदाने दहा पावले चालून संगणकापाशी बसताच पुन्हा आधारची झेरॉक्स कशासाठी? या झेरॉक्सचे पुढे काय होते, हा त्याहून गंभीर प्रश्न. त्या उघड्या कपाटात, फायलींत साठत राहतात. वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायदा, २०२३ यांना हात लावत नाही, कारण तो डिजिटल स्वरूपातील माहितीला लागू होतो. कागद स्कॅन करून संगणकात ठेवला की मात्र वाचनालयावर जबाबदारी येते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य बंधने अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. याची तयारी किती वाचनालयांनी आरंभली असेल, याविषयी प्रस्तुत प्रतिनिधी फारसा आशावादी नाही.

पाहिलेल्या संकेतस्थळांची नोंद हा तर ग्रंथालयाच्या परंपरेशीच विसंगत प्रकार आहे. कोणता सभासद कोणते पुस्तक नेतो हे ग्रंथपालाला ठाऊक असते, पण ते चारचौघांत सांगायचे नसते. ग्रंथालयांच्या ‘इफ्ला’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २००२ च्या इंटरनेटविषयक जाहीरनाम्यात हाच संकेत संगणकालाही लावला. स्वतःच्या आजाराची माहिती शोधणारी स्त्री, पडदा दाराकडे तोंड करून ठेवलेला असेल, तर तेथे बसेलच कशाला?

अश्लील मजकुराला आळा हवा, याबद्दल दुमत नाही. अमेरिकेने २००० साली अनुदानित ग्रंथालयांना गाळणी प्रणाली सक्तीची केली. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ती उचलून धरली खरी, परंतु प्रौढ वाचकाने सांगितल्यास गाळणी हटवता येते, हे त्या निकालात महत्त्वाचे ठरले होते. आपल्याकडे अशी विनंती कोणाकडे करायची, हे फलकावर लिहिलेले नसते.

अर्ध्या तासाच्या मर्यादेचा फटका मात्र थेट बसतो. स्पर्धा परीक्षेचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना छायाचित्र व स्वाक्षरी ठरावीक आकारात चढवावी लागते, ओटीपीची वाट पाहावी लागते, मध्येच संकेतस्थळ बंद पडते. छायाचित्र पेनड्राइव्हवर आणलेले असते आणि पेनड्राइव्हला बंदी! विषाणूची भीती खोटी नाही. पण पेनड्राइव्ह तपासून घेण्याची किंवा संगणक पुन्हा सुरू करताच मूळ स्थितीत आणण्याची सोय करता येते. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये वसतिगृहातील एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. तो निकाल महाराष्ट्रातील वाचनालयांवर बंधनकारक नसला, तरी ग्रंथालय संचालनालयाने त्याची दखल घेऊन एकच नमुना नियमावली पाठवण्यास हरकत नाही. सभासद ओळखपत्र पुरेसे मानणे, अर्ज भरणाऱ्यास मुदतवाढ आणि वापर संपताच पाहिलेल्या पानांचा इतिहास पुसणे, एवढ्या तीन बाबींपासून तरी सुरुवात करता येईल. त्यासाठी कायदा बदलण्याची गरज दिसत नाही. एक परिपत्रक पुरेल.