मुलांना वंशसंहार शिकवताना

मोबाइलवर गाझाची दृश्ये पाहिलेली मुले आता घरात सरळ विचारतात, "अब्बू, वंशसंहार म्हणजे काय?" पुसद, उमरखेड, दिग्रसकडच्या पालकांशी बोलताना हा प्रश्न आमच्या कानावर वारंवार येतो. उत्तर बहुधा दोन वाक्यांत संपते: जालीम लोक आहेत, आपल्या लोकांना मारतात. मूल गप्प बसते. त्याला वाईट वाटते, रागही येतो. पण शेजारी राहणारा, रोज सलाम-नमस्कार करणारा माणूस मारायला कसा उठतो, हे त्याला कोणी सांगत नाही. शाळेत आणि घरात शिकवायचे असेल तर ते हेच.

आधी शब्दाविषयी. पोलंडचे ज्यू कायदेपंडित राफाएल लेमकिन यांनी १९४४ साली हा शब्द इंग्रजीत घडवला. संयुक्त राष्ट्रसंघाने ९ डिसेंबर १९४८ रोजी त्यावर करार केला आणि भारताने १९५९ मध्ये त्याला मान्यता दिली. एखादा राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक समूह, तो समूह आहे म्हणूनच, पूर्ण किंवा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूने केलेली कृत्ये, अशी त्याची व्याख्या आहे. हेतू सिद्ध व्हावा लागतो. म्हणून प्रत्येक दंगलीला, प्रत्येक कत्तलीला हा शब्द लावू नये, हेही मुलांना सांगावे. शब्द स्वस्त झाला की साक्ष कमजोर होते.

पॅरिसमध्ये हा करार मंजूर होत होता त्याच दिवसांत आपल्या पैनगंगेच्या पलीकडे, हैदराबाद संस्थानात, एक समिती गावोगाव फिरत होती. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे तिचे सदस्य. केंद्र सरकारनेच त्यांना पाठवले होते. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात त्यांनी नऊ जिल्हे पाहिले, १०९ गावांतल्या पाचशेहून अधिक लोकांशी बोलले. पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळी आणि नंतर मारल्या गेलेल्यांचा त्यांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे सर्वाधिक होरपळलेले जिल्हे. लातुरात कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली, असे अहवालात नमूद आहे. अनेक वर्षे हा अहवाल लोकांसमोर आलाच नाही. याला वंशसंहार ठरवणारा निकाल कोणत्याही न्यायालयाने दिलेला नाही, आम्हीही तो शब्द इथे वापरत नाही. पण असे कसे घडते, हे शिकायला उमरखेडच्या मुलाला रवांडापर्यंत जाण्याची गरज नाही. नदी ओलांडली की हदगाव, हिमायतनगर.

मात्र गोष्ट सांगताना आपण कुठून सुरू करतो, याला फार महत्त्व आहे. आपल्या काही घरांत ही गोष्ट १७ सप्टेंबर १९४८ ला सुरू होते. शेजारच्या घरात ती त्याच दिवशी संपते. दोन्ही घरांतली मुले अर्धीच गोष्ट घेऊन मोठी होतात.

सुरुवात रझाकारांपासून करावी लागेल, आणि ती आपणच करावी. लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या हाताखालच्या या सशस्त्र टोळ्यांनी संस्थानातील गावे लुटली, जाळली, माणसे मारली. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातील गोरटा गावात हिंदूंचे मोठे हत्याकांड झाले. जीव मुठीत धरून कितीतरी कुटुंबे सरहद्द ओलांडून वऱ्हाडात आली. उमरखेडला स्टेट काँग्रेसची छावणी होती, ती याच काळातली. रझाकारांनी मुसलमानालाही सोडले नाही. 'इमरोज' दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान भारतात विलीन होण्याच्या बाजूने लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. त्यांचे नाव आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

आता मुलांना फळ्यावर एक गोष्ट दाखवता येते. रझाकारांच्या भाषणांत गावातला हिंदू हा वाणी, कुणबी, माळी राहिला नाही, तो 'संस्थानाचा शत्रू' झाला. सप्टेंबरनंतर तेच उलटे झाले: पिंजारी, विणकर, तेल गाळणारा, कोणीही असो, मुसलमान म्हणजे रझाकार. मारल्या गेलेल्यांतल्या पुष्कळांचा रझाकारांशी काडीचाही संबंध नव्हता. पण हे समीकरण एकदा मनात बसले की मारणाऱ्याला तो खून वाटत नाही, हिशेब चुकता केल्यासारखे वाटते. दुसरी गोष्ट सत्तेची. आधी निजाम सरकारने खासगी टोळ्यांना मोकळे रान दिले. नंतर जुनी पोलीस यंत्रणा कोसळली आणि नवी बसायची होती, त्या पोकळीत लुटारूंनी हात धुऊन घेतले. काही ठिकाणी गणवेशातली माणसेही लुटीत होती, असे समितीने लिहिले आहे. आणि लूट हा भाग मुलांना जरूर सांगावा. शेत, घर, दुकान ताब्यात घेण्याची हाव धर्माच्या नावाखाली किती लपून बसते, हे मोठ्यांनाही कळत नाही.

याच अहवालातला एक तपशील आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. अनेक ठिकाणी हिंदूंनी मुसलमानांना जिवावर उदार होऊन वाचवले. एकाच धंद्यातल्या लोकांत हे अधिक दिसले. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांसाठी स्वतःचे प्राणही दिले. वर्गात यावर पूर्ण तास घालवावा. विणकरच का? मुलांना उत्तरे शोधू द्यावीत. ज्याच्याकडून सूत उसने आणले, ज्याचे देणे-घेणे रोजचे, त्याला 'रझाकार' म्हणणे तोंडाला जड गेले असेल का? हल्ली वस्त्या वेगळ्या, शाळा वेगळ्या झाल्या आहेत. कोणाच्या मुलाचा कोण मित्र आहे, हा प्रश्न म्हणूनच साधा नाही.

बाहेरच्या जगातले उदाहरण घ्यायचेच तर आर्मेनियाचे घ्यावे. १९१५ मध्ये उस्मानी सत्तेने आर्मेनियन ख्रिश्चनांना हद्दपारीच्या नावाखाली मरणाच्या वाटेवर ढकलले, लाखो माणसे मेली. त्याच सत्तेचे एक गव्हर्नर, जलाल बे, यांनी हुकूम पाळायला नकार दिला आणि पद गमावले. आपल्या मुलांनी हे दोन्ही एकाच दिवशी शिकावे. स्वतःच्या माणसांविरुद्धही खरी साक्ष द्या, हा सूरह निसामधला आदेश आपण जुम्म्याला ऐकतो. इतिहासाच्या तासाला तो लागू होत नाही, असे कुठे म्हटले आहे?

वयाचे भान हवे. सातवीच्या खालच्या मुलांना हे सांगू नये. मोठ्यांनाही प्रेतांची चित्रे, व्हिडिओ दाखवू नयेत. त्यातून शिकणे होत नाही, झोप मात्र उडते. त्याऐवजी घरातल्या दादी-नानीला विचारायला लावावे: तेव्हा तुम्हाला कोणी लपवले? तुमच्या घरात कोण लपले होते? त्या वेळी दहा वर्षांची असलेली माणसे आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. हे काम पुढच्या वर्षावर टाकता येणार नाही.

आणखी एक अभ्यास मुलांना द्यावा, जरा अडचणीचा. आठवडाभर घरात पारध्यांविषयी काय बोलले जाते ते वहीत लिहायचे. आपल्या जिल्ह्यात बाजारात, एसटीत, चोरी झाली की पहिले बोट कोणाकडे जाते? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींना जन्मानेच चोर ठरवले, पारध्यांवरही तो शिक्का बसला. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला. 'पारधी म्हणजे चोर' हे समीकरण आपल्या दस्तरख्वानावर अजून चालू आहे. 'मुसलमान म्हणजे अमुक' ऐकून ज्यांना चीड येते, त्याच घरांत. वह्या भरल्या की पालकांनीच आधी वाचाव्यात, शिक्षकांनी नंतर.