दुसरा मुलगा आणि आईचे सहा हजार
कोळगावच्या जिल्हा मुख्यालयापासून जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांपर्यंत मातृत्वाच्या योजना पोचतात. त्यांपैकी प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेची एक अट मात्र तपासून पाहण्याजोगी आहे. पहिल्या अपत्याच्या वेळी आईला पाच हजार रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पासून दुसऱ्या अपत्यासाठी सहा हजारांची तरतूद झाली. पण ते अपत्य मुलगी असेल तरच. मुलगा झाल्यास या योजनेतून काहीच नाही.

हेतू स्तुत्य आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानेच केला. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ मधील ९४६ वरून २०११ मध्ये ८९४ वर घसरली.

परंतु गरोदर स्त्रीचा रक्तक्षय बाळाचे लिंग पाहून येत नाही. मजुरी सोडून विश्रांती घ्यावी की आठव्या महिन्यातही कामावर जावे, हे तिला प्रसूतीपूर्वीच ठरवावे लागते. लिंग जाणून घेण्यास कायद्याची बंदी, आणि पैसे मिळणे मात्र लिंगावर अवलंबून! डाळ, अंडी, तपासणीसाठी एस.टी.चे भाडे, यांच्या हिशेबात ही रक्कम धरताच येत नाही. मुलगी झाली तरी ती हाती पडते प्रसूतीनंतरच. यास पोषणाचे साहाय्य म्हणणे कठीण आहे.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात किमान सहा हजारांच्या मातृत्वलाभाला अपत्याच्या लिंगाची अट नव्हती. अंगणवाडीतील अमृत आहाराच्या ताटालाही ती नाही. मुलीच्या स्वागतासाठी राज्यात २०२३ पासून ‘लेक लाडकी’ योजना स्वतंत्रपणे आहेच. तेव्हा दुसऱ्या गरोदरपणातील पैसा लिंगाची अट काढून सातव्या महिन्यापूर्वी आईच्या खात्यात जमा करण्यास अडचण पैशाची असेल. तत्त्वाची खासच नाही.