विश्लेषण : पनवेलच्या पदपथांवर तीन चाकी बाबागाडी टिकेल का?

बाळ मान धरू लागले, की घरात बाबागाडीचा विषय निघतो. पनवेल, खारघर, कामोठे, कळंबोली या पट्ट्यातील तरुण पालकांपुढे हल्ली आणखी एक प्रश्न असतो, तो म्हणजे गाडी चार चाकांची घ्यायची की तीन. मोठ्या टायरची तीन चाकी गाडी ‘कुठल्याही रस्त्यावर चालते’ असे विक्रेते सांगतात. किंमत अर्थातच जास्त. उखडलेले पेव्हर ब्लॉक, पदपथाची उंच कड, लोकलचे दार आणि लिफ्ट नसलेला जिना यांच्यासमोर हा दावा किती टिकतो, ते पाहणे आवश्यक ठरते.

तीन चाकी गाडी आली कुठून?

युरोपातील पहिल्या बाबागाड्यांपैकी एक विल्यम केंट यांनी १७३३ मध्ये इंग्लंडमधील ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांच्या मुलांसाठी बनवली. ती खानदानी घराच्या बागेत फिरवायची वस्तू होती. छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळाने आली. ओवेन मॅक्लेरन या विमान अभियंत्याने १९६५ मध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्या वापरून ती तयार केली. बस-रेल्वेने फिरणाऱ्या कुटुंबांची गरज त्यातून भागली. तीन चाकी गाडीचा जन्म मात्र धावण्याच्या हौसेतून झाला. अमेरिकेतील फिल बेकलर यांना बाळाला सोबत घेऊन धावायचे होते. साध्या गाडीला सायकलसारखी चाके लावून त्यांनी प्रयोग केले आणि १९८० च्या दशकात ‘बेबी जॉगर’ बाजारात आली. म्हणजे ही रचना मोकळ्या, लांब, सपाट रस्त्यासाठी झाली होती. आपल्याकडे तीन चाके आणि बाळ हे नाते जुनेच आहे. लाकडी पांगुळगाडा तीन चाकांचाच असे. फक्त तो बाळ स्वतः ढकलत असे.

तीन चाकांचा फायदा नेमका कुठे?

चार पायांचे टेबल ओबडधोबड जमिनीवर डुगडुगते, तिपाई डुगडुगत नाही. कोणतेही तीन बिंदू एका प्रतलात असतातच, त्यामुळे तीन चाकी गाडीची तिन्ही चाके खडबडीत जमिनीवरही टेकलेली राहतात. चार चाकीचे एखादे चाक अशा वेळी अधांतरी राहते आणि गाडी एका बाजूला ओढते. पुढे एकच चाक असल्याने गाडी एका हाताने वळवता येते. दुसऱ्या हातात भाजीची पिशवी किंवा मोठ्या मुलाचा हात असेल तर हा फायदा लहान नाही.

दुसरा मुद्दा चाकाच्या आकाराचा आहे आणि खरे तर तोच जास्त महत्त्वाचा. छत्रीसारख्या मिटणाऱ्या हलक्या गाडीचे चाक साधारण १५ सेंमी व्यासाचे असते, तर अनेक तीन चाकी गाड्यांचे मागचे चाक ३० सेंमीच्या आसपास. पाच सेंमी उंचीचा उठलेला पेव्हर ब्लॉक ओलांडायचा असेल, तर १५ सेंमीच्या चाकाला त्यावर असलेल्या वजनाच्या जवळपास २.८ पट आडवा जोर लागतो. ३० सेंमीच्या चाकाला तोच जोर १.१ पट पुरतो. लहान चाकाची गाडी प्रत्येक खाचेपाशी अडते आणि बाळाला हिसका बसतो, त्याचे कारण हे आहे. मात्र हा फायदा मोठ्या चाकाचा आहे, तीन या आकड्याचा नाही. मोठ्या चाकांची चार चाकी गाडीही तेच काम करते. जाहिरातीत या दोन गोष्टी सर्रास एकत्र केल्या जातात.

मग कलंडण्याचा धोका का सांगितला जातो?

रिक्षा वळणावर आतली बाजू का उचलते, हे पनवेलकरांना समजावून सांगायला नको. गाडी उलटते ती चाकांना जोडणाऱ्या रेषेवरून. चार चाकीत ही रेषा बाजूने सरळ जाते, तर तीन चाकीत मागच्या चाकापासून पुढच्या एकट्या चाकाकडे तिरकी आत येते. समजा, मागच्या दोन चाकांत ६० सेंमी अंतर आहे, पुढचे चाक मागच्या आसापासून ९० सेंमीवर आहे आणि बाळासह गाडीचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या २५ सेंमी पुढे, जमिनीपासून ५० सेंमी उंचीवर आहे. चार चाकीत गुरुत्वमध्यापासून उलटण्याच्या रेषेपर्यंत ३० सेंमी मिळतात, तीन चाकीत साडेवीसच. चार चाकी साधारण ३१ अंश कलल्यावर उलटेल, तीन चाकी २२ अंशांवर.

डुगडुगत नाही, पण कलंडते लवकर, असा हा प्रकार आहे. त्यावर उपाय म्हणून उत्पादक मागची चाके आणखी रुंद लावतात, आसन खाली घेतात. रुंदी वाढली, की गाडी दारातून जात नाही. आसन खाली असले, की बाळाला उचलताना पालकांना जास्त वाकावे लागते. हँडलला पिशव्या अडकवणे हा वेगळा धोका. बाळाला उचलून घेतले, की पुढचे वजन जाते आणि पिशव्यांच्या भाराने गाडी मागे उलटते. बाळ आत असतानाही जड पिशवीने हे होऊ शकते. सामान आसनाखालच्या जाळीतच हवे.

पुढच्या चाकाचा वाद काय होता?

धावण्यासाठीच्या अनेक तीन चाकी गाड्यांचे पुढचे चाक सायकलप्रमाणे खटका फिरवून झटपट काढता येते. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रायटॅक्स या कंपनीविरुद्ध तिच्या ‘बॉब’ गाड्यांच्या याच चाकावरून तक्रार दाखल केली. चालत्या गाडीचे चाक निसटल्याच्या सुमारे २०० तक्रारी आल्याचे आणि त्यात मुले व पालक जखमी झाल्याचे आयोगाचे म्हणणे होते. खटका नीट न आवळल्याने हे घडते, रचनेत दोष नाही, अशी कंपनीची बाजू होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तडजोड झाली. चार चाकीचे एक पुढचे चाक गेले तर दुसरे उरते. तीन चाकीचे गेले की गाडी थेट नाकावर येते. त्यामुळे जुनी गाडी घेताना सर्वांत आधी हे चाक हलवून पाहिले पाहिजे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या गाड्यांना तर हे विशेष लागू.

पदपथांबाबत नियम काय सांगतात?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या ‘आयआरसी १०३’ या मार्गदर्शक तत्त्वांच्या २०१२ च्या आवृत्तीनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि पदपथाची उंची १५ सेंमीपेक्षा जास्त नसावी. पदपथ जिथे तुटतो तिथे उतार द्यावा, अशी अपेक्षा आहे. या १५ सेंमीचा अर्थ बाबागाडीच्या भाषेत समजून घेण्यासारखा आहे. कड चाकाच्या त्रिज्येएवढी किंवा त्याहून उंच असेल तर कितीही ढकलले तरी चाक चढत नाही. ३० सेंमी व्यासाच्या चाकाची त्रिज्या १५ सेंमी. म्हणजे नियमात बसणाऱ्या पदपथावरही तथाकथित ‘ऑल टेरेन’ गाडी नुसती ढकलून चढणार नाही. हँडल दाबून पुढचे चाक उचलावे लागते आणि मागची चाके ओढून घ्यावी लागतात. उतार नसेल तर दर चौकात ही कसरत दोनदा, एकदा चढताना आणि एकदा उतरताना.

सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी, एस. राजसीकरन यांच्या रस्ते सुरक्षाविषयक याचिकेत, अतिक्रमणमुक्त पदपथ वापरण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. पदपथ दिव्यांगांनाही वापरता आले पाहिजेत, यावर न्यायालयाचा भर होता. त्याआधी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पदपथांच्या तोंडाशी लावलेल्या खांबांमुळे व्हीलचेअर अडते, या मुद्द्याची स्वतःहून दखल घेतली होती. जिथे व्हीलचेअर अडते तिथे बाबागाडीही अडते. रुंद मागच्या आसाची तीन चाकी तर आधी अडते.

पनवेलमध्ये दोन प्रकारची शहरे एकत्र नांदतात. पनवेल नगरपालिका १८५२ सालची. जुन्या गावठाणात आणि बाजारपेठेत रस्ते अरुंद, पदपथ जिथे आहे तिथे त्यावर दुचाकी आणि दुकानांचे सामान. खारघर, नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे हे सिडकोने आखलेले नोड, तिथे पदपथ निदान आराखड्यात आहेत. १ ऑक्टोबर २०१६ रोजी महापालिका स्थापन झाल्यावर हे सगळे एका छताखाली आले, पण बाबागाडी ढकलणाऱ्याला हद्द अजून चाकाखाली जाणवते. वडाळे तलावाभोवतीचा फेरफटका किंवा खारघरचे सेंट्रल पार्क इथे तीन चाकी गाडी सुखाने चालते. प्रश्न घरापासून तिथे पोहोचण्याचा आहे.

लोकल, रिक्षा आणि जिन्याचे काय?

हवेच्या चाकांची तीन चाकी गाडी बहुधा १० ते १४ किलोची असते, छत्रीसारखी मिटणारी पाच ते सात किलोची. सिडकोच्या जुन्या वसाहतींत तीन-चार मजल्यांच्या लिफ्ट नसलेल्या इमारती अनेक आहेत. वर्षाचे बाळ नऊ-दहा किलोचे. दोन्ही मिळून वीस-पंचवीस किलो रोज तिसऱ्या मजल्यावर कोण नेणार, याचे उत्तर दुकानात जाण्याआधी घरात ठरले पाहिजे. बहुतेक घरांत ते उत्तर आई किंवा आजी असते. गाडी खाली जिन्याशेजारी ठेवायची झाल्यास पावसाळ्यात कापडाला बुरशी आणि सांध्यांना गंज ठरलेला.

हार्बर मार्गावरील लोकलच्या दारात मधोमध खांब असतो, फलाट आणि डबा यांत फट आणि उंचीचा फरक असतो. गर्दीच्या वेळी तर उघडी बाबागाडी आत नेण्याचा विचारही नको. रिक्षात मिटलेली तीन चाकी पायांशी मावत नाही, मागच्या जागेत बसली तर नशीब. बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ पासून सुरू आहे. तिथे लिफ्ट आहे आणि डब्याची पातळी फलाटाला जुळते, त्यामुळे खारघर-तळोजाच्या पालकांचे गणित थोडे वेगळे. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणे सुरू झाल्यावर मिटवून नेता येणाऱ्या गाडीची चौकशी होणे साहजिक आहे. तिथेही लहान घडी होणारी चार चाकीच सोयीची.

थोडक्यात, लिफ्ट आहे, मोटार आहे आणि रोज तासभर मोकळ्या जागेत फिरणे होते, अशा घरासाठी तीन चाकी योग्य. लोकल-रिक्षावर अवलंबून असलेल्या घराने तिच्यावर पैसे घालू नयेत. हलकी गाडी आणि बाळाला अंगाशी बांधण्याची झोळी त्यांना जास्त उपयोगी पडेल.

टायर हवेचे की फोमचे?

हवेचे टायर धक्के शोषतात, पण पंक्चर होतात. पंक्चरवाला जागोजागी आहे, हा आपल्याकडचा फायदा. मात्र त्याचा कॉम्प्रेसर मोटारसायकलच्या सवयीने हवा भरतो आणि लहान टायर फुटू शकतो. टायरच्या कडेवर दाबाचा आकडा छापलेला असतो, तो दाखवून तेवढीच हवा भरून घ्यावी. व्हॉल्व्हही पाहावा. मोटारसायकलसारखा असेल तर पंक्चरच्या कोणत्याही दुकानात काम होते, साध्या सायकलचा पंप मात्र त्याला बसेलच असे नाही. फोम भरलेले टायर थोडे कडक असतात, पण पंक्चरची कटकट नसते. पदपथावर खिळे-काचा असणाऱ्या शहरात फोम हा वाईट सौदा नाही.

खरेदीवेळी काय तपासावे?

भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले, पण तो आदेश खेळण्यांपुरता आहे. बाबागाडीवर युरोपचे ‘ईएन १८८८’ किंवा अमेरिकेचे ‘एएसटीएम एफ ८३३’ या मानकांचा उल्लेख आहे का, ते पाहावे. कमाल वजनही तिथेच लिहिलेले असते. पट्टा पाच ठिकाणी बांधणारा हवा, दोन खांदे, दोन कमरेच्या बाजू आणि पायांमध्ये. सहा महिन्यांखालील बाळासाठी पाठ जवळजवळ आडवी होणारे आसन हवे. धावण्यासाठी गाडी वापरायची तर बहुतेक उत्पादक किमान सहा ते आठ महिने थांबायला सांगतात, तेही बालरोगतज्ज्ञांना विचारून. धावताना पुढचे चाक सरळ स्थितीत लॉक व्हायला हवे आणि हँडलचा पट्टा मनगटात हवा. उतारावर हात सुटला तर तेवढाच आधार. मिटवताना सांध्यांत बोटे अडकत नाहीत ना, हेही पाहावे. मॅक्लेरनने २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे दहा लाख गाड्यांसाठी सांध्यांवरची आवरणे पुरवली, ती मुलांची बोटे तुटल्याच्या घटनांनंतरच.

दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर सगळ्याच गाड्या छान चालतात. आसनात दहा किलो तांदळाची पिशवी पट्ट्याने बांधावी, दुकानदाराला विचारून गाडी बाहेरच्या पदपथावर न्यावी, एकदा कड चढवावी, एकदा उतरवावी आणि ब्रेक लावून उतारावर उभी करून पाहावी. निघण्याआधी घरच्या लिफ्टच्या दाराची आणि मोटारीच्या डिकीची मापे मोबाइलमध्ये लिहून घेतलेली असली, तर गाडी परत करण्याची वेळ येत नाही.