तयार कोड वापरणं म्हणजे कॉपी नव्हे, पण सोपंही नव्हे



मागच्या पालक सभेत एका वडिलांनी विचारलं, "सर, आमचा पोरगा प्रोजेक्टमध्ये निम्म्याहून जास्त कोड लायब्ररीतून तयार घेतो. मग त्याला स्वतःला काय येतं?" शेजारच्या ताई लगेच म्हणाल्या, "अहो, आता सगळेच तसं करतात. उगाच मेहनत कशाला?" दोघांनाही मी मान डोलावली आणि वेळ मारून नेली. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे, म्हणून आज लिहितोय.

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगचे फायदे शिकवताना आपला पहिला मुद्दा ठरलेला असतो: कोडचा पुनर्वापर. इनहेरिटन्सचा धडा आला की वडिलांचं घर मुलाला मिळतं, हे उदाहरण फळ्यावर येतंच. मुलं पाठ करतात, मार्क मिळतात. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. पण घराबरोबर घरावरचं कर्जही मुलाकडे येतं, हे आपण सांगत नाही.

जावा भाषेतलंच बघा. स्टॅक म्हणजे ताटांची चळत. ताट वर ठेवायचं आणि वरूनच काढायचं, मधलं ओढायचं नाही. पण जावाच्या लायब्ररीत स्टॅक हा क्लास व्हेक्टर क्लासपासून बनवला गेला. व्हेक्टर म्हणजे क्रमांक लावलेली यादी. तिच्यात कुठेही घुसवा, कुठूनही काढा. यादी सांभाळायचा कोड आयता मिळाला, पण त्याबरोबर व्हेक्टरच्या सगळ्या मेथडही आल्या. म्हणून आजही जावाच्या स्टॅकमध्ये तुम्ही मधेच नवीन ताट सरकवू शकता, कोणी अडवत नाही. (वर्गात करून दाखवा, मुलं हसतात.) पुढे जोशुआ ब्लॉक यांनी 'इफेक्टिव्ह जावा' या पुस्तकात ही चूक नोंदवली. पण तोवर जगभरातला कोड त्या क्लासवर उभा होता, बदलणार कसा? आता जावाची अधिकृत माहितीच सांगते की स्टॅकऐवजी डेक वापरा.

हा क्लास लिहिणारे काही नवशिके नव्हते. फक्त 'कोड मिळतोय का' हे बघितलं गेलं. 'स्टॅक हा खरंच व्हेक्टर आहे का' हे बघायचं राहिलं. स्टॅकच्या पोटात एक व्हेक्टर खाजगी ठेवला असता, तर पुनर्वापर तेवढाच झाला असता आणि मागचं दारही बंद राहिलं असतं. इनहेरिटन्सपेक्षा ही पद्धत बरी, असं 'डिझाइन पॅटर्न्स' या पुस्तकाच्या चार लेखकांनी १९९४ मध्येच सांगितलं होतं. आपल्या नोट्समध्ये मात्र ती जेमतेम दोन ओळींत उरकते.

दुसरं उदाहरण मोठं आहे. त्यात इनहेरिटन्स नाही, पण रोग तोच. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानामधल्या कुरू इथून एरियन ५ हे युरोपचं नवं रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि साधारण ४० सेकंदांत फुटलं. रॉकेटची दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर जुन्या एरियन ४ वरून घेतलं होतं. तिथे ते उत्तम चालत होतं. नवं रॉकेट सुरुवातीलाच आडवा वेग जास्त घेत होतं. त्या वेगाशी संबंधित आकडा १६ बिटांच्या जागेत, म्हणजे ३२,७६७ पर्यंतच, मावणार होता. तो त्याच्या पुढे गेला. एरियन ४ ला तेवढा वेग येतच नाही, म्हणून त्या आकड्याला संरक्षण दिलेलं नव्हतं. राखीव कॉम्प्युटरवरही तेच सॉफ्टवेअर असल्यामुळे तोही तसाच बंद पडला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, हा भाग नव्या रॉकेटला उड्डाणानंतर लागतच नव्हता!

आता सांगा, कोड चुकीचा होता का? जुन्या रॉकेटसाठी नव्हता. तो कोणत्या गृहीतावर उभा आहे, हे नव्या जागी नेताना पुरेसं तपासलं गेलं नाही.

म्हणून त्या वडिलांना माझं उत्तर असं: पोरानं तयार कोड घेतला तर घेऊ द्या. सॉर्टिंग एकदा स्वतःच्या हातानं लिहून झालं की दर वेळी लिहायची गरज नाही. पण घेतलेला कोड त्यानं वाचलाय का, हे विचारा. आणि ताईंना सांगेन की मेहनत वाचत नाही, ती फक्त लिहिण्याकडून वाचण्याकडे जाते. दुसऱ्याचा कोड वाचायला शिकवणारा तास आपल्या वेळापत्रकात आहे का? माझ्या तरी नव्हता.

मी तोंडी परीक्षेत एक बदल केलाय. "हे कसं लिहिलंस?" याऐवजी "हे जिथून घेतलंस, तिथे काय दिलं तर मोडेल?" असं विचारतो. त्याच मुलानं वर्गातले सर्वाधिक मार्क शोधायला जावाची तयार मॅक्स मेथड वापरली होती. म्हटलं, यादी रिकामी असेल तर? "बघितलं नाही सर," म्हणाला. तिथेच चालवून बघितलं, प्रोग्राम एरर देऊन बंद पडला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो वही घेऊन आला. मॅक्सच्या आधी एक तपासणी टाकली होती, आणि खाली आणखी चार तयार मेथडची नावं लिहून प्रत्येकीपुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं.