शकुंतलेच्या नावाने उसासे

वऱ्हाडातल्या रेल्वेगावांवर मराठीत लिहायचे म्हटले की लेखणी आपोआप ‘शकुंतले’कडे वळते. मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूरला आणि दुसरीकडे कारंज्यावरून यवतमाळला जाणारी ही अरुंद रुळांची गाडी आमच्या ललितलेखकांनी इतकी आळवली आहे की कालिदासालाही संकोच वाटावा. तिचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला तयार झाले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली, हे घडाघडा सांगितले जाते. त्या इंजिनाच्या भट्टीत कोळसा लोटणारा फायरमन कुठल्या गावचा, त्याला पगार काय, हे विचारावेसे मात्र कुणाला वाटत नाही. आता गाडी बंद पडली. म्हणून ती दुष्यंताची वाट पाहणारी विरहिणी! लेख तिथे संपतो आणि वाचक गहिवरतो.

या गहिवराला माझा आक्षेप आहे, आणि तो मी वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावातून नोंदवतो आहे. (नाशिकचे ते वेगळे, हा खुलासा आम्हाला जन्मभर करावा लागतो.) मालेगावला स्टेशन नाही. अकोला–पूर्णा हा मार्ग २००८ साली ब्रॉडगेज झाला, तोही वाशिमावरून जातो, आमच्या गावावरून नाही. ज्या गावाला शिट्टी कधी ऐकूच आली नाही त्याला शिट्टीच्या आठवणीने रडता येत नाही. निदान प्रश्न तरी विचारता येतात.

पहिला प्रश्न असा, की हे रूळ कुणासाठी टाकले गेले? १८५३ साली निजामाचे वऱ्हाड इंग्रजी अमलाखाली आले. पुढच्या दशकात अमेरिकेतील यादवीने तिथल्या दक्षिणेचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आमच्या काळ्या मातीचे भाव चढले. १८६७पर्यंत मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचला होता. १८७० साली जलंब ते खामगाव हा फाटा उघडायला लॉर्ड मेयो जातीने आले. जेमतेम तेरा किलोमीटरच्या रुळांसाठी व्हाइसरॉय येतो तो काही खामगावकरांच्या प्रवासाच्या सोयीसाठी नव्हे. गाठी लवकर बंदरावर पोहोचाव्यात म्हणून येतो. शकुंतला ही त्याच व्यवहाराची पुढची, धाकटी शाखा. जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात रुई दाबली जाई, गाठी बांधल्या जात, आणि मूर्तिजापूरला त्या अरुंद डब्यांतून रुंद डब्यांत चढवाव्या लागत. रुळांची रुंदी बदलते तिथे माणसाच्या पाठीवर ओझे येते. ही पाठ आमच्या साहित्यात कुठे आहे?

जो थोडाफार संताप दिसतो तोही भलत्या जागी. ‘अजूनही इंग्रजांच्या मालकीची रेल्वे’ हे वाक्य वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षे छापले. वस्तुस्थिती अशी, की हा मार्ग सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा, तिचा कारभार मुंबईच्या किलिक निक्सनकडे, आणि किलिक निक्सन स्वातंत्र्यानंतर भारतीय हातांत गेली. पण साहेबाला शिव्या देणे सोपे असते. आपल्याच शेठजींचा हिशोब मागायचा तर चोपड्या उघडाव्या लागतील.

दुसरा गैरसमज असा, की गाव म्हणजे स्टेशनामागे उगवलेली वस्ती. कारंजा रेल्वेच्या कितीतरी शतके आधीचे. दत्तसंप्रदायात ते नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान. तिथल्या जैन मंदिरांतल्या ग्रंथभांडारांनी अपभ्रंश काव्ये जपली. पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ प. ल. वैद्यांनी १९३१ साली आणि ‘णायकुमारचरिउ’ हिरालाल जैनांनी १९३३ साली संपादून प्रसिद्ध केले, ते कारंज्याहूनच. मराठीच्या किती वर्गांत हे सांगितले जाते? कारंजा म्हटले की आम्हाला धूरच आठवतो.

अमेरिकी दक्षिणेतल्या लेखकाने हा विषय कसा हाताळला ते पाहावे. विल्यम फॉकनरच्या पणजोबांनी मिसिसिपीतल्या रिप्ली गावातून रेल्वे काढली आणि १८८९ साली त्याच गावात एका माजी भागीदाराने त्यांना गोळी घातली. पणतवाने या पूर्वजावरून कर्नल सार्टोरिस उभा केला. त्याच्या रेल्वेबरोबर त्याची सत्ता आणि त्याचा हिंसाचारही कादंबरीत आला. घरातल्या माणसाला त्याने सूट दिली नाही. आमच्याकडे स्टेशनमास्तर सदैव प्रेमळ, हमाल सदैव विनोदी आणि गाव सदैव निरागस. कोण कुठल्या विहिरीवर पाणी भरत होते, हे त्या निरागस गावात कुणी विचारायचे नाही.

आमच्याकडे कुवत नाही असे मुळीच नाही. उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६०ची. शिंप्याच्या घरातली कौतिक कशी राबते, पैपैसा कसा जोडते, हे वऱ्हाडी बोलीतच सांगणारी ती कादंबरी आजही अंगावर येते, कारण शेळके दारिद्र्याला नटवत नाहीत. तिच्यावर प्रबंध पुष्कळ झाले; तिची नजर घेऊन पलाटावर किंवा जिनात जाणारे क्वचितच दिसतात.

म्हणून प्राध्यापक मित्रांना विनंती, की एम.ए.च्या विद्यार्थ्यांना ‘ग्रामीण साहित्यातील निसर्ग’ हा विषय आणखी एकदा देण्याऐवजी मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा येथे पाठवावे. गँगमन, फाटकवाले, कापूस वेचून रुई निवडणाऱ्या बायका यांच्यातले जे हयात असतील त्यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत उतरवून घ्याव्यात. घाई करावी लागेल. ही माणसे आता फार थकली आहेत.

आणि तिथून मालेगावलाही यावे. अकोल्याहून मेडशीमार्गे वाशिमला जाणारा रस्ता आणि नागपूर–औरंगाबाद हा जुना रस्ता आमच्या गावात भेटतात. आमचे पलाट म्हणजे एसटीचा थांबा. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाचे यात्रेकरू, डव्ह्याच्या नाथनंगे महाराजांचे भाविक, मजुरीला बाहेर निघालेली कुटुंबे, सगळी इथलीच वाट धरतात. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला. तो तालुक्यातून जातो, गावातून जात नाही. जुन्या रस्त्यावर चहाच्या टपऱ्या टाकलेल्यांची नावे आज तरी कुणी लिहून ठेवील काय? की पन्नास वर्षांनी त्या टपऱ्यांच्या वाफेवरही एखादा ललितलेख येणार?