आधी स्नान, मग गंध

विजयादशमी म्हटली की शमीचे झाड, सीमोल्लंघन, आपट्याची पाने आणि सरस्वतीपूजन यांचे स्मरण होते. त्यांवर दरवर्षी पुष्कळ लिहिले जाते आणि ते उचितच आहे. परंतु आमच्या खालापूर-कर्जत भागात या सणाचे जे रूप रस्त्यावर सर्वांत ठळक दिसते, त्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. ते म्हणजे मालमोटारींची पूजा. खोपोली हे बोरघाटाच्या पायथ्याचे गाव. कोकण आणि देश यांच्यामधला व्यापार बैलांच्या तांड्यांपासून याच वाटेने चालत आलेला. 1863 साली आगगाडी हा घाट चढली, 2002 साली द्रुतगती मार्ग संपूर्ण खुला झाला. तथापि मालमोटारींची रांग काही सरली नाही. साहजिकच खंडेनवमी आणि दसरा हे दोन दिवस येथे घरोघरच्या देव्हाऱ्याइतकेच रस्त्याकडेच्या गॅरेजांतून आणि ढाब्यांच्या अंगणांतून साजरे होतात. झेंडूच्या माळा, आंब्याच्या डहाळ्या, भाताच्या नव्या लोंब्या बोनेटवर चढतात आणि धुळीने माखलेले ते धूड घटकाभर नवरदेवासारखे दिसू लागते.

दिसू लागते खरे. पण माळेच्या मागे पाहावे तर काय आढळते? चार महिन्यांच्या पावसाचा चिखल मडगार्डाखाली तसाच थापलेला, काचेच्या कडेला शेवाळ, फाळक्याच्या बिजागरीला गंज, आणि त्यावरच हळदकुंकू! षोडशोपचार पूजेचा क्रम ज्यांच्या घरी नित्य चालतो त्यांना हे निराळे सांगणे नको. आवाहनापासून मोजू लागल्यास स्नान हा सहावा उपचार, गंध नववा आणि पुष्प दहावे. स्नान न घालता देवाला गंध लावणारा उपासक आपल्याला चालणार नाही. मग ज्या वाहनावर वर्षभर घर चालते, त्याच्या पूजेत हा क्रम मोडलेला कसा चालतो?

यावर कोणी म्हणतील की गाडी धुण्याची सोय आता ठिकठिकाणी आहे. पैसे टाकले की पाण्याचा फवारा मारून घटकेत मोकळे. ती सोय वाईट आहे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. परंतु सणाच्या दिवशी तरी हे काम आपल्या हातांनी व्हावे, असे आम्ही आग्रहाने म्हणतो. आमच्या खालापूर तालुक्यातले महडचे वरदविनायकाचे स्थान अष्टविनायकांत ज्या एका गोष्टीसाठी विशेष ख्यात झाले, ती गोष्ट म्हणजे भाविकाने गाभाऱ्यात जाऊन आपल्या हाताने देवाची पूजा करणे. ज्या क्षेत्राने स्वहस्ते पूजेचे महत्त्व शिकविले, त्या क्षेत्राच्या वेशीवर दसऱ्याची पूजा मात्र परहस्ते उरकावी, हे विसंगत नव्हे काय?

आम्हा कीर्तनकारांस येथे द्रोणपर्वातील एक प्रसंग हटकून आठवतो. जयद्रथवधाचा दिवस. सूर्य कलला आहे, प्रतिज्ञेची वेळ टळत चालली आहे आणि अर्जुनाच्या रथाचे घोडे बाणांनी जर्जर होऊन थकले आहेत. अर्जुन भर रणात रथाखाली उतरतो, बाणांनी भूमी भेदून जलाशय निर्माण करतो, बाणांचेच घर उभारतो आणि पायी उभा राहून शत्रुसैन्य थोपवून धरतो. त्या आडोशाला श्रीकृष्ण काय करीत आहे? तो घोडे सोडतो, त्यांच्या अंगात रुतलेले बाण आपल्या हातांनी उपसतो, त्यांना न्हाऊ घालतो, पाणी पाजतो, चारा देतो. घोडे ताजेतवाने झाल्यावर मगच रथ जुंपतो. एकेक क्षण मोलाचा असताना त्रैलोक्याचा स्वामी घोड्यांचा खरारा करीत बसला, हे व्यासांना सांगण्याजोगे वाटले! न्हाऊ घालणाऱ्या हातालाच बाण कोठे रुतला आहे ते कळते. दुरून ओतलेल्या पाण्याला ते कळत नाही.

मालमोटारीचेही तसेच आहे. जो हाताने फडके फिरवितो त्यालाच पाट्यांतील एखादे पान तडकलेले दिसते, चाकाची एखादी नटबोल्टची जागा ढिली लागते, टायरच्या कडेला आलेली फुगवटी बोटाला जाणवते, मागचा दिवा फुटल्याचे उमगते. फवाऱ्याला यातले काही कळत नाही. उलट पाण्याचा तीव्र झोत विजेच्या जोडण्यांत आणि बेअरिंगमध्ये शिरला तर नवीच व्याधी मागे लागते.

आता हे स्नान कसे घालावे, हेही थोडे विस्ताराने सांगतो. कीर्तनकाराने यात कशाला पडावे, असे कोणास वाटेल. पण या रस्त्यावर आयुष्य काढलेल्या चालकांच्या संगतीत आमची पुष्कळ वर्षे गेली आहेत, आणि कीर्तनाला येणाऱ्या मंडळींत त्यांची संख्या लहान नाही.

पहिली गोष्ट, घाट उतरून आलेल्या गाडीवर लगेच पाणी ओतू नये. बोरघाटाच्या उतारावर ब्रेकचे ड्रम इतके तापतात की त्यांवर गार पाणी पडल्यास बिडाला तडा जाण्याचे भय असते. गाडी सावलीत उभी करावी, चाकांना दगडाची उटी लावावी आणि ड्रम हाताजवळ नेता येईल इतके निवेपर्यंत थांबावे. उन्हात धुणेही बरे नव्हे; साबणाचे पाणी पत्र्यावर सुकते आणि पांढरे डाग राहतात.

मग नुसत्या पाण्याने चिखल भिजवून ओघळू द्यावा. या भिजविण्यास लोक कंटाळतात, आणि सारी नासाडी तेथेच होते. सुक्या चिखलावर फडके घासले की त्यातील वाळूचे कण रंगावर बारीक ओरखडे काढतात; पुढे कितीही पॉलिश केले तरी ते उन्हात दिसतातच. चिखल सुटल्यावर साबणाचे पाणी घेऊन टपापासून खाली यावे. आधी टप, मग काचा, बोनेट, दारे, हौद्याच्या बाजू आणि शेवटी चाके. देवाला अभिषेक करताना पाणी मस्तकावरून चरणांकडे येते, त्याच न्यायाने. चाकांचे फडके निराळे ठेवावे आणि ते पुन्हा वर नेऊ नये. कपडे धुण्याची जहाल पावडर टाळावी, ती रंगावरचा मेणाचा थर घालविते. गाडीसाठी मिळणारा सौम्य साबण उत्तम. डांबराच्या ठिपक्यांपुरतेच रॉकेल फडक्याच्या टोकाला घ्यावे आणि ती जागा लगेच साबणाने धुवावी.

येथे एका जुन्या खोडीबद्दल बोललेच पाहिजे. धुतलेल्या गाडीला सगळीकडून डिझेलचा किंवा जळक्या तेलाचा बोळा फिरवायचा म्हणजे ती चकाकते, असा समज आहे. ती चकाकी दोन दिवसांची. तिसऱ्या दिवशी त्या तेलावर रस्त्याची सारी धूळ येऊन बसते, दारांच्या रबरी पट्ट्या फुगतात आणि पायरी निसरडी होऊन चढणाऱ्याचा पाय घसरतो. त्याऐवजी गाडी कोरडी पुसून मेणाचे पॉलिश मऊ सुती कापडाने थोडे थोडे लावावे, वाळले की दुसऱ्या स्वच्छ कापडाने उजळावे. एवढे केलेल्या पत्र्यावर पुढच्या पावसाचे पाणी ठरत नाही.

गंजाला मात्र पॉलिशने झाकू नये. खरवडून, पॉलिशपेपरने घासून शुद्ध पत्रा दिसू लागला की तांबडा ऑक्साईडचा हात द्यावा, खळगा असल्यास लांबी भरावी, ती वाळली की घासून सपाट करावी आणि मग रंगाचे दोन पातळ हात द्यावे. हौद्याच्या लाकडी फळ्या कोरड्या पडल्या असतील तर त्यांना जवसाचे तेल पाजावे. नवमीच्या अगोदरचा एखादा दिवस यासाठी राखून ठेवावा लागतो. दसऱ्याच्या सकाळी हे होत नाही.

आता पाणी कोठले घ्यावे, हा प्रश्न. तो आम्हाला या साऱ्यात मोठा वाटतो. नवमीला नदीच्या उथळ पात्रात मालमोटारी उभ्या करून धुण्याची पद्धत अनेकांना धार्मिकच वाटते. नदी ती गंगा, तिच्यात स्नान घडले तर पुण्यच, अशी त्यामागची समजूत. पण खोपोलीची नदी म्हणजे प्रत्यक्ष पाताळगंगा. कर्जतची उल्हास राजमाचीच्या डोंगरात उगम पावते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर करीत कल्याणच्या खाडीकडे जाते. वाटेत कितीतरी गावे तिचे पाणी पितात. एका मालमोटारीच्या पोटाखालून निघणारे ग्रीस, तेल आणि डिझेल त्या पाण्यात सोडायचे आणि वर तिलाच हळदकुंकू वाहायचे? धर्मशास्त्राने नदीत मलमूत्र सोडू नये, थुंकू नये इतके बारीक निर्बंध घातले, त्या शास्त्राने ग्रीसचे नाव घेतले नाही म्हणून ते चालेल असे मानणारा शास्त्रार्थ आम्ही करणार नाही. विहिरीवरचे किंवा नळाचे पाणी बादलीने घ्यावे. फडके आणि बादली यांनी धुतल्यास पाणी नळीपेक्षा फार कमी लागते. ग्रीसचा चिखल लाकडाच्या चिपेने आधी खरवडून डब्यात काढावा. गाडी ओढ्यापासून दूर उभी करावी.

स्नान झाले, आता अलंकार. गोंडे, घुंगुरमाळा, फाळक्यावरची कमळे आणि मोर हे आमच्या रस्त्यांचे लोकचित्रशाळेतले वैभव आहे, आणि ते पुसले जाऊ नये असे आम्हास मनापासून वाटते. फाळक्यावरच्या ‘हॉर्न ओके प्लीज’ला 2015 साली राज्याच्या परिवहन आयुक्तांनी बंदी घातली, उगाच हॉर्न वाजविण्यास ते उत्तेजन देते, हे त्याचे कारण. ते गेले याचे आम्हाला दुःख नाही. पण देवादिकांच्या चित्रांविषयी एक विनंती आहे. देवाचे चित्र किंवा नाव चाकाच्या पातळीवर, चिखल अडविणाऱ्या रबरावर काढू नये. भक्तीने काढलेले ते नाव पहिल्याच पावसात चिखलाने भरते. त्याची जागा टपाच्या कपाळपट्टीवर.

तसेच फुलांची माळ काचेवरून सोडू नये. मागची लाल, पुढची पांढरी आणि बाजूची पिवळी चमकपट्टी, दिवे आणि क्रमांकाची पाटी यांवर रंग, गंध किंवा पाने येऊ देऊ नयेत. रात्री घाटात बंद पडलेल्या गाडीचे हेच खरे निरांजन होय. मागून येणाऱ्याला ते दिसले तर दोन घरे वाचतात. नारळ बंपरवर आपटू नये, बाजूच्या दगडावर वाढवावा. कोहळ्याच्या फोडी आणि करवंट्या रस्त्यावरून उचलाव्या, कारण त्यांवरून घसरणारा दुचाकीस्वार कोणाच्या तरी घरी सोने वाटायला निघालेला असतो.

एक गोष्ट मालकवर्गाला सांगायची राहिली. पहाटे उठून गाडी धुतो चालक, चाकाखाली आडवे होऊन चिखल काढतो क्लीनर पोर. आणि मुहूर्ताला नवे धोतर किंवा सफारी नेसून आलेले मालक नारळ वाढवून, छायाचित्र काढून निघून जातात. धुणारे दोघे ओल्या कपड्यांनी मागे उभे. पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायात रथकाराचा विचार आहे. रथ बनविणाऱ्याला वर्षा ऋतूत अग्न्याधान करण्याचा अधिकार वेदाने दिला, तो त्रैवर्णिकाला की रथकार नावाच्या विशिष्ट समाजाला, असा तो वाद. आणि निर्णय त्या कारागीर समाजाच्या बाजूने झाला. ऋग्वेदातले ऋभू तर मुळात मानव. त्यांनी अश्विनीकुमारांचा रथ घडविला आणि हाताच्या कौशल्यावर देवत्व मिळवून सायंसवनात सोमाचा वाटा घेतला. रथाशी ज्याचा हात लागला त्याला यज्ञात स्थान, ही आपली परंपरा आहे. घाटावर पोळ्याला बैल धुतो तोच शेतकरी त्याच्या कपाळी गंध लावतो. तेथे कोणी पाहुणा बोलावीत नाहीत.

म्हणून मालकांनी नवमीला अर्धा दिवस तरी गाडी उभी ठेवावी आणि त्या अर्ध्या दिवसाची मजुरी कापू नये. शक्य तर स्वतः एक बादली उचलावी. आणि दशमीला पहिले गंध लावण्याचा, पहिली आरती ओवाळण्याचा मान धुणाऱ्या हातांना द्यावा. मालकांनी दुसरे यावे. त्यात त्यांचे काही उणे होत नाही.

पूजा आटोपली की गाडी एकदम घाटाला लावू नये. धुताना ब्रेकमध्ये पाणी शिरलेले असते. सपाट रस्त्यावर सावकाश चालवीत ब्रेक हलके हलके दाबून ते सुकवावे, वायपरखाली अडकलेल्या पाकळ्या काढाव्या, दिवे एकदा लावून पाहावे. मग जुन्या रस्त्याने जाणाऱ्यांनी वाटेत शिंग्रोबापाशी, ज्या धनगराने घाटाची वाट दाखविल्याची आख्यायिका आहे त्याच्यापाशी, नेहमीचे नाणे वाहावे आणि चढण चढावी.