रोजकीर्द आणि खातेवही

“आज वार कुठला रे?” आईने सकाळपासून सातव्यांदा विचारलं, तेव्हा माझा आवाज चढला. “आत्ताच सांगितलं ना!” ती ओशाळून गप्प बसली. पाच मिनिटांनी मात्र १९५७ साली आपल्या लग्नाच्या पंगतीत मठ्ठा कसा कमी पडला, ते तिने वाढप्यांच्या नावांसकट सांगितलं. तेव्हाचं आठवतं आणि मघाचं नाही, हे कसं?

बँकेत माझी उमेदवारी हाताने लिहायच्या वह्यांवर झाली. दिवसाचे व्यवहार आधी रोजकीर्दीत चढत. शटर खाली आलं, की त्यांची खातेवहीत खतावणी होई. मेंदूचा कारभारही बराचसा असाच. आत खोलवर असलेला हिप्पोकॅम्पस ही रोजकीर्द, वरचं आवरण ही खातेवही. आपण जागे आणि सावध असतो तेव्हा ॲसिटिलकोलिन हे रसायन भरपूर असतं. मेंदूचा कल नवी नोंद घेण्याकडे राहतो, जुन्या आठवणींची लुडबुड दबते. गाढ झोपेत ते ओसरतं आणि दिवसभरातल्या नोंदींची उजळणी होऊन त्या पक्क्या होऊ लागतात.

हे उमगायला एका माणसाने मोठी किंमत मोजली. अमेरिकेत १९५३ साली हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या अपस्मारावर इलाज म्हणून दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढून टाकला गेला. त्याला बालपण आठवे. नवं काही टिकेना. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाई त्याला वर्षानुवर्षं भेटत राहिल्या, पण त्याच्या लेखी त्या दर वेळी परक्याच. २००८ साली तो गेला, तोवर हेच चाललं.

आईचं निदान अल्झायमरचं आहे. त्यातही घाव बहुधा आधी याच भागावर बसतो. वार सांगितला तरी तो तिच्या रोजकीर्दीत चढतच नाही. जे लिहिलंच गेलं नाही ते ‘आठव’ म्हणून दटावण्यात काय अर्थ? बँकेत कोऱ्या पानावरची बेरीज मी कुणाला कधी मागितली नाही. घरी मात्र रोज मागत होतो. बऱ्याच घरांतून हेच चालत असावं. म्हाताऱ्या माणसाला वार शंभरदा सांगावा, आपलं काही जात नाही. आणि जमेल तेव्हा जुनी खातेवही तिच्यापुढे उघडून ठेवावी.

परवा मीच विचारलं, “आई, मठ्ठा कमी कसा पडला गं?” तिचा चेहरा उजळला. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, “आज वार कुठला रे?”

“रविवार,” मी म्हणालो. पहिल्यांदाच सांगत असल्यासारखा.